बुटाची फ्लेक्स टेस्ट: बटण दाबायच्या आधीचा अर्धा तास सगळं ठरवतो

तयार बूट मशीनला लावला, काउंटरवर ३०,००० सेट केलं, हिरवं बटण दाबलं आणि चहाला गेलं, अशी फ्लेक्स टेस्ट, म्हणजे बूट मशीनवर हजारो वेळा वाकवून तो कुठे तुटतो ते बघायची टेस्ट, करणारे खूप जण आहेत आणि सुरुवातीची दोन वर्षं मीही तेच केलंय. संध्याकाळी येऊन बघायचं, सोल तुटला नाही ना, मग पास. पण बूट नेमका कुठून वाकत होता, किती अंशात वाकत होता, क्लॅम्पमधून सरकत होता का, यातलं काहीच बघितलेलं नसेल तर त्या रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. मी पुण्याजवळच्या एमआयडीसीत सेफ्टी शूज बनवणाऱ्या एका छोट्या युनिटची लॅब सांभाळतो, आमच्यासारखी बरीच युनिटं आता स्वतःचं मशीन घेतायत, आणि मशीनसोबत येणाऱ्या दोन पानी मॅन्युअलमध्ये कामाचं काहीच नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मशीन कुठलं ते नीट समजून घ्या, कारण बाजारात सगळ्यालाच फ्लेक्स टेस्टर म्हणतात. बॅली टाइपचं असतं ते फक्त चामड्याच्या नाहीतर रेक्झिनच्या छोट्या तुकड्यासाठी, तुकडा दुमडून लावायचा आणि तो २२.५ अंशात मिनिटाला १०० वेळा हलतो, म्हणजे अप्परचं, बुटाच्या वरच्या भागाचं, मटेरियल कसं आहे एवढंच कळतं. रॉस टाइपचं सोलच्या मटेरियलच्या पट्टीसाठी, ती ९० अंशात वाकते, तीसुद्धा मिनिटाला साधारण १०० वेळा. बेनेवार्ट टाइपचं बुटाचा बॉटम, म्हणजे सोलकडचा खालचा भाग, वाकवतं, त्यासाठी बऱ्याचदा अप्पर कापून टाकतात, आणि सेफ्टी शूजच्या स्टँडर्डमध्ये आउटसोलची, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या थराची, जी टेस्ट आहे ती या प्रकारच्या मशीनवर होते. आणि चौथं म्हणजे आख्खा बूट, म्हणजे अप्पर, लायनिंग, स्टील टो (बोटांवरची पोलादी टोपी), इनसोल (पायाखालचा आतला थर) सगळ्यासकट वाकवणारं, पंजा एका बाजूला धरून आणि टाचेची बाजू दुसरीकडे धरून. माझा मुद्दा मुख्यतः या शेवटच्या दोघांबद्दल आहे.

आख्खा बूट वेगळा का तपासायचा, चामडं पास आहे आणि सोलची पट्टीपण पास आहे ना मग झालं की, असं आमचे मालक पण म्हणायचे. पण तयार बुटात हे सगळं एकमेकाला खेचतं. सोल जाड आणि कडक असेल तर वाकताना सगळा ताण पेस्टिंगच्या, म्हणजे सोल चिकटवलेल्या, रेषेवर येतो आणि कडेने सोल सुटायला लागतो, सोल स्वतः मात्र ठणठणीत असतो. किंवा स्टील टोची मागची कडा. आमच्या एका मॉडेलमध्ये ती कडा बूट वाकतो त्या घडीच्या इतकी जवळ आली होती की दर वाकण्याला आतलं लायनिंग त्या कडेवर घासलं जायचं, १०,००० च्या आसपास लायनिंगला भोक आणि मग आतून चामड्यावर चरा. टो कॅप टेस्टमध्ये पास, चामडं पास, सोल पास, आणि बूट फेल. कडेवर लावायची फोमची पट्टी त्या साइझमध्ये दोन मिलीमीटर पुढे सरकून चिकटवली जात होती एवढंच कारण निघालं. असली गोष्ट तुकड्यांच्या टेस्टमध्ये कधीच दिसत नाही.

आता आकडे. सेफ्टी शूजसाठी आपल्याकडे आयएस १५२९८ आहे, त्याचा भाग १ टेस्ट मेथडचा आणि भाग २ सेफ्टी फुटवेअरचा, आणि तो आयएसओ २०३४४ आणि २०३४५ वर बेतलेला आहे. त्यात आउटसोलला फ्लेक्स लाइनवर, म्हणजे बूट वाकतो त्या रेषेवर, २ मिलीमीटर रुंदीच्या ब्लेडने कट मारतात, ३०,००० वेळा वाकवतात, आणि शेवटी त्या कटची वाढ ४ मिलीमीटरपेक्षा जास्त झालेली चालत नाही. बूट मुळातच कडक असेल, म्हणजे ३० न्यूटन, साधारण तीन किलो वजनाच्या जोराने ४५ अंशसुद्धा वाकत नसेल, तर त्याला ही टेस्ट लागूच होत नाही, कारण तो पायातही तसा वाकणार नाही. हे आधी बघून घ्या, नाहीतर कडक बूट जबरदस्तीने वाकवून मशीनचा आर्म वाकडा करून बसाल. बाकी फॉर्मल, स्पोर्ट्स, शाळेचे बूट यांना तुमच्या गिऱ्हाईकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये किती सायकल (एकदा वाकून सरळ होणं म्हणजे एक सायकल) आणि किती अंश लिहिलंय तेच धरायचं, सेफ्टी शूजचा आकडा उचलून तिकडे लावू नका.

एक हिशोब सगळ्यांना सांगावासा वाटतो. माणूस दिवसाला ८,००० पावलं चालला तर एकेक बूट ४,००० वेळा वाकतो, म्हणजे ३०,००० ला साडेसात दिवस लागतात. हे ऐकलं की लोक दचकतात, अरे म्हणजे बूट आठवडाभरच टिकणार का. तसं नाही. मशीनवर ९० अंशाचा कोन आहे, चालताना आपण बूट त्याच्या कितीतरी कमी वाकवतो, आणि मशीनवर आधीच कट मारून ठेवलेला असतो. ही टेस्ट बूट किती महिने चालेल ते सांगत नाही, जखम झाल्यावर ती वाढते की तिथेच थांबते हे सांगते. बांधकामावर खिळ्याने नाहीतर खडीने सोलला चीर पडणारच आहे, पुढे ती चीर आरपार जाते का हा प्रश्न आहे. म्हणून सेल्सवाल्यांनी लाख फ्लेक्स पास वगैरे छापायला सांगितलं तर मी कोन आणि कट दोन्ही लिहायला लावतो.

आता मूळ काम, बटण दाबायच्या आधीचं.

बूट लाइनवरून काढला आणि लगेच मशीनवर लावला असं करायचं नाही. २३ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवायचा. हे नुसतं कागदी सोपस्कार आहे असं मला आधी वाटायचं, पण चामड्यात ओल असेल तर ते मऊ वाकतं आणि कोरडं पडलं की तडकतं. जुलैमध्ये आमच्या शेडमध्ये हायग्रोमीटर ८५ च्या वर असतो आणि मे महिन्यात दुपारी २५ च्या खाली जातो, त्यामुळे तोच बूट पावसाळ्यात पास आणि उन्हाळ्यात घडीवर फिनिश तडकलेला, हे आम्ही दोन वर्षं बघत होतो आणि दोष टॅनरीला देत होतो. शेवटी लॅबच्या कोपऱ्यात प्लायवूडची छोटी खोली केली, एक एसी, एक डीह्युमिडिफायर, उन्हाळ्यासाठी एक साधा ह्युमिडिफायर, आणि दिवसातून तीनदा रीडिंग लिहायची वही. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून ठेवा, लेस सैल करा, कागदाचे बोळे काढा, नाहीतर आतलं चामडं ४८ तासातही खोलीच्या हवेला येत नाही.

मग फ्लेक्स लाइन. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पाय जिथून वाकतो, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची जी रेष आहे, ती सरळ आडवी नसते, तिरकी असते, अंगठ्याच्या बाजूला पुढे आणि करंगळीच्या बाजूला थोडी मागे. बुटात ही रेष टाचेपासून मोजलं तर दोन तृतीयांशाच्या थोडी पुढे येते, पण नुसत्या मापावर जाऊ नका, फर्मा, म्हणजे ज्या पायाच्या साच्यावर बूट बनवतात तो, बदलला की ती सरकते. मेथडमध्ये ती काढायची भूमितीची रीत दिलेली असते ती करायचीच, आणि वर मी एक पडताळा घेतो. त्या साइझचा पाय असलेल्या पोराला बूट घालायला लावायचा, टाच उचलून चवड्यावर उभं राहायला सांगायचं, आणि व्हॅम्पवर, म्हणजे अप्परच्या पुढच्या भागावर, जी घडी पडते तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या पेनाने खूण करायची. काढलेली रेष आणि ही खूण यात ५ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर मी परत मोजतो, बहुतेक वेळा माझंच मोजमाप चुकलेलं असतं. खूण सोलवरसुद्धा फिरवून घ्यायची, आणि मशीनची वाकायची धार, म्हणजे मँड्रेल किंवा हिंज, बरोबर तिच्यावर आली पाहिजे.

ती १० मिलीमीटरने मागे गेली तर काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघितलं. एकाच लॉटचे दोन जोड, एक बरोबर रेषेवर, एक मागे. मागे लावलेला बूट शँकच्या (पायाच्या कमानीखाली सोलमध्ये असलेल्या कडक पट्टीच्या) टोकाशी वाकायला लागला, सोलच्या चरांमध्ये काही झालंच नाही आणि इनसोल बोर्ड मात्र तुटला. बरोबर लावलेल्यात इनसोल नीट आणि सोलच्या एका आडव्या चरात चीर. म्हणजे एकाच बुटाचे दोन रिपोर्ट, दोन्हीत दोष वेगळा, आणि गिऱ्हाईकाच्या पायात जे होणार होतं ते बरोबर रेषेवर लावलेल्या बुटाच्या रिपोर्टमध्ये होतं.

क्लॅम्पिंगचं पण तसंच. पंज्याच्या आत साइझप्रमाणे ब्लॉक घालायचा असतो, मशीनसोबत दोनच साइझचे ब्लॉक देतात आणि लोक त्यावरच पाच ते अकरा नंबर चालवतात. लहान ब्लॉक असेल तर बूट आत डुचमळतो, कोन खाऊन टाकतो, मशीन ९० दाखवतं आणि बूट ७० च वाकतो. आम्ही फर्मा बनवणाऱ्याकडून जुन्या फर्म्यांचे पंजे कापून घेतले, प्रत्येक साइझचे, त्याने हा प्रश्न सुटला. क्लॅम्प आवळताना अप्पर चेपला जाईल इतकं आवळायचं नाही, कारण मग क्लॅम्पच्या कडेवरच चामडं तुटतं आणि ते फेल म्हणून लिहिलं जातं. आवळून झालं की क्लॅम्प आणि बूट दोघांवरून मिळून एक पांढरी रेघ मारा, ५०० सायकलनंतर मशीन थांबवून बघा, रेघ तुटलेली दिसली तर बूट सरकलाय, परत लावा आणि काउंटर शून्यापासून.

मशीनची स्वतःची तपासणीही रोजची. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट वर्षाचं असतं, पण बोल्ट आठवड्यात ढिले होतात. कोनासाठी डिजिटल अँगल गेज आर्मवर ठेवून हाताने पूर्ण फेरा फिरवायचा, दोन्ही टोकांचं रीडिंग लिहायचं. वेग घड्याळ लावून एक मिनिट मोजायचा, बेनेवार्टसाठी मिनिटाला साधारण १४० धरतात. १४० ने ३०,००० व्हायला साडेतीन तासांच्या वर लागतात, आणि दिवसात दोन टेस्ट उरकायच्या म्हणून व्हीएफडीवरून (मोटरचा वेग बदलायच्या उपकरणावरून) वेग वाढवायचा मोह होतो. करू नका. पीयू (पॉलियुरेथेन) आणि टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) सोल वेगात वाकवले की आतून गरम होतात, वाकायच्या जागेवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर सरळ दिसतं, आणि गरम सोल मऊ होऊन चीर वाढवतच नाही नाहीतर एकदम फाटतो, दोन्ही खोटं.

मशीन नवीन घेत असाल तर एक गोष्ट नक्की विचारा, वीज गेली तर काउंटर लक्षात ठेवतो का. आमच्या भागात गुरुवारी मेंटेनन्ससाठी वीज जाते, आणि जुन्या मशीनचा काउंटर शून्यावर यायचा, मग पोरं अंदाजे आकडा लिहायची. दुसरी गोष्ट गार्ड. जुन्या मशीनना जाळी नसते, आणि चालू मशीनमध्ये चीर दिसते का म्हणून फडका घेऊन हात घालणारे लोक मी बघितलेत. जाळी उघडली की मोटर थांबलीच पाहिजे, तशी नसेल तर लिमिट स्विच बसवून घ्या, अवघड काम नाही.

सोलला कट मारायचा असेल तर तो चराच्या तळाशी मारायचा, उंच गट्टूवर नाही, आणि ब्लेड दर वेळी भिंगाखाली बघायचं. बोथट ब्लेडने रबर कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेली जागा २ मिलीमीटरची दिसली तरी आत तीनची असते. मारल्यावर लगेच सोल थोडा वाकवून कट मोजून लिहा, कारण वाढ किती झाली हे त्या आकड्यावरून ठरतं.

आता चालू करा, पण शेवटालाच बघायचं नाही. मी १,०००, ५,०००, १०,०००, २०,००० आणि ३०,००० ला थांबवतो. प्रत्येक वेळी बूट वाकलेल्या स्थितीत ठेवायचा, सरळ केला की चीर मिटते आणि दिसत नाही. टाल्कम पावडर बोटाने चोळायची, मग कोरड्या फडक्याने पुसायची, बाकी सगळी पावडर निघून जाते आणि चिरेत अडकलेली राहते, काळ्या सोलवर केसाएवढी पांढरी रेघ उठून दिसते. तिची लांबी व्हर्नियरने मोजायची. सोल आणि अप्परच्या सांध्यात पातळ फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघायचं, किती लांबीत आणि किती खोल जातं. अप्परवर घडीत फिनिश निघतंय का, शिवण तुटतेय का, आत हात घालून लायनिंग. प्रत्येक थांब्याला त्याच कोनातून मोबाईलवर फोटो, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून. चीर कधी सुरू झाली हे कळलं तर दोष कुठे शोधायचा ते कळतं. १,००० च्या आत पेस्टिंग सुटलं तर रफिंग (चिकटवायच्या आधी पृष्ठभाग घासून खरबरीत करणं) कमी झालंय किंवा प्रायमर सुकायच्या आत सोल दाबलाय, २०,००० नंतर चराच्या टोकाला चीर आली तर मोल्डचा तो कोपरा फार टोकदार आहे. आमच्या एका मोल्डमध्ये कोपऱ्याला फक्त दीड मिलीमीटरची गोलाई दिली आणि तीच चीर परत आली नाही, कंपाउंड तेच, मशीन तेच.

आता जे मला सगळ्यात जास्त लागून राहिलंय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी लोटे परशुरामच्या एका केमिकल प्लांटमधून आमचे बूट परत आले. घातलेले नव्हते, स्टोअरमध्ये दोन पावसाळे पडून होते. माणसाने नवीन म्हणून बॉक्समधून काढून घातले आणि जिना उतरताना सोल सुटला, तो पडला, मनगटाला मार लागला. बूट माझ्या टेबलावर आला तेव्हा सोल अंगठ्याने दाबला तर ओल्या बिस्किटासारखा चुरा झाला, काळा चिकट भुगा बोटाला. त्या बॅचचा फ्लेक्स रिपोर्ट माझ्याच सहीचा होता, ३०,००० ला कट जेमतेम वाढलेला, व्यवस्थित पास. खोटा नव्हता तो. पण आम्ही ताजा बूट तपासला होता आणि त्या माणसाने कोकणात दोन पावसाळे मुरलेला घातला होता. पॉलिएस्टर प्रकारच्या पीयूला दमट हवा खाते, पाण्याच्या वाफेने त्याच्या साखळ्या तुटतात, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि बूट न वापरता ठेवला तरी ते चालूच राहतं.

म्हणून पीयू सोल असेल तर हायड्रोलिसिसनंतरची फ्लेक्स केल्याशिवाय मी आता सही करत नाही. स्टँडर्डमध्ये ती आहेच, ७० डिग्रीला, पाण्याच्या वाफेने भरलेल्या बंद भांड्यात ७ दिवस ठेवायचं आणि मग १,५०,००० वेळा वाकवायचं, कटची वाढ ६ मिलीमीटरच्या पुढे जाता कामा नये. मोठं चेंबर नसेल तर काचेचं डेसिकेटर (वस्तू कोरडी ठेवायचं घट्ट झाकणाचं भांडं) घ्या, आतलं सिलिका काढून खाली पाणी भरा, जाळीवर सोल ठेवा, तो पाण्याला टेकता कामा नये आणि झाकणावरचं पाणी त्याच्यावर ठिबकता कामा नये, आणि ते भांडं ओव्हनमध्ये. सातव्या दिवशी काढून परत मेथडप्रमाणे कंडिशनिंग, म्हणजे ठरलेल्या हवेत ठेवणं. १,५०,००० ला १४० च्या वेगाने जवळपास १८ तास लागतात, म्हणजे रात्रभर मशीन चालणार, त्यामुळे मोटरला थर्मल कटऑफ आणि सोल तुटून लोंबकळला तर मशीन थांबेल असा सेन्सर बसवून घ्या. हे सगळं दर बॅचला शक्य नाही हे मला मान्य आहे, पण पीयूचा ड्रम बदलला, सप्लायर बदलला, किंवा स्वस्त पडतं म्हणून पीयूची सिस्टिम, म्हणजे त्याचं रसायनांचं मिश्रण, बदलली, की करायचीच. पॉलिइथर प्रकारचं पीयू या बाबतीत जास्त टिकतं, महाग पडतं, आणि कोकणात जाणाऱ्या मालासाठी मी ते मागून घेतो.

थंडीतली टेस्ट आपल्याकडे फार लागत नाही, एक्स्पोर्टवाले किंवा लडाखला माल देणारे करतात, पीव्हीसी सोल असेल तर नक्की करा, कारण थंडीत तो दगड होतो आणि पहिल्या काहीशे वाकण्यातच तुटतो.

मला बऱ्याचदा विचारतात की कोल्हापुरीची फ्लेक्स करता येते का. करता येते, पण सेफ्टी शूजचा ब्लॉक तिथे काही कामाचा नाही, पंज्याला पोकळीच नसते. अंगठ्याच्या पुढचा भाग दोन सपाट पट्ट्यांत धरायचा, मध्ये रबर ठेवून, टाच दुसऱ्या क्लॅम्पमध्ये, कोन कमी, आणि वेग कमी. सोल झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा, शिवण चामड्याच्याच वादीची, त्यामुळे बघायचं ते कान जिथे सोलमध्ये शिवलेत तिथे वादी कापली जातेय का, आणि वरचा थर खालच्यापासून उकलतोय का. कंडिशनिंग इथे सगळ्यात महत्त्वाचं, कोरड्या कोल्हापुरीवर टेस्ट घेतली तर ती चपलेवर अन्याय आहे. तेल पाजलेली आणि न पाजलेली असे दोन जोड शेजारी शेजारी चालवून बघा, कारागीर तेल पाजायला का सांगतात ते डोळ्याने दिसतं.

दर टेस्टला त्याच लॉटचा एक जोड न वाकवता बाजूला ठेवायचा, तुलनेला. आणि टेस्ट झालेला बूट पास झाला तरी भंगारात टाकायचा नाही, फ्लेक्स लाइनवर बँड सॉने आडवा कापायचा. बाहेरून नीट दिसणाऱ्या बुटात आत मिडसोलला फोड आलेले असतात, इनसोल बोर्डच्या खालच्या बाजूला तडा असतो, शँकच्या टोकाने पीयूत खड्डा पाडलेला असतो. कापलेल्या दोन्ही बाजूंचा फोटो रिपोर्टला जोडा, अर्ध्या भागावर बॅच नंबर आणि सायकल लिहून फळीवर ठेवा, दोन वर्षं ठेवा. लोटेहून आलेल्या त्या बुटाचा अर्धा भाग माझ्या फळीवर अजून आहे, नवीन माणूस लॅबमध्ये आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तो देतो आणि सोल दाबून बघायला सांगतो.